सात हात कमी

माझ्या वडिलांनी माझ्या सरांना टिकावाने मारलं. आज वर्ष झालं.

"दुर्दैवी अपघात" असे status टाकणाऱ्यांनी हे शेवटपर्यंत वाचा.

खंदारे सर जिंतूरच्या कॉलेजात आम्हाला भूमिती शिकवायचे. संत्र्याची साल टेबलावर दाबायचे. ती फाटली की म्हणायचे, "सपाट होत न्हाई बघ. वाकडेपणा तिच्या अंगातच हाय. लांबून बघायचं कामच न्हाई. मुंगीनं तिच्यावरच चालून दोरीनं मोजलं तरी कळतं."

मी मान डोलावली. पेपरात लिहून मार्कही घेतले.

चारठाण्याकडे आमचा फुगीर माळ आहे. माथ्यावर एक दगड. दगडापासून शंभर हात दोरी पोचेल तिथवरचा गोल आजोबांनी दोन्ही लेकांना अर्धा-अर्धा वाटून दिलेला.

वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, मला विचारलं, "आपल्या अर्ध्या गोलाची भायेरची कड किती भरायला पायजे?"

मी सपाट कागदाचं सूत्र लावलं. "तीनशे चौदा हात."

भरली तीनशे सात.

"सात हात खाल्ले भावानं," म्हणत अण्णांनी टिकाव उचलला.

मी घाबरून सरांना फोन केला. ते बाइकवर आले तोवर काकांचा हात मोडून लोंबत होता.

"अण्णा, जमीन कुणीच खाल्ली न्हाई. माळ फुगीर हाय, त्याच्यावर गोल कमीच भरतो. त्यांची बाजू मोजा, तीबी तेवढीच भरंल."

"सर, तुमी मधी येऊ नका."

सर मधे आले. पहिला घाव कानशिलावर बसला, तो काकांसाठी होता.

दुसरा घाव सर खाली पडल्यावर बसला. तो सरांसाठीच होता. कवटी फुटल्याचा आवाज मी ऐकला.

तेराव्यानंतर मी एकटीने काकांची बाजू मोजली. तीनशे सात.

अण्णांची चीड येते. स्वतःची त्याहून जास्त येते. शिकून गाढव राहिले मी.

परवा परभणीच्या कोर्टात माझी साक्ष आहे. आई म्हणते, "बाप हाय तुहा. सर मधी आले, लागलं, एवढंच म्हण. दुसऱ्या घावाचं बोलू नको."

सर, मी दुसरा घाव सांगणार आहे. माझं चुकलेलं गणितही सांगणार आहे.

सकाळी आईला तसं बोलले. तिने माझी बॅग भरली आणि दाराबाहेर ठेवली.

येते सर, परभणीला निघाले. शेवटचा नमस्कार.