यशू मोठ्यानं रडली

आमच्या धम्मात नवस बोलायची सोय नाही, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पण गेल्या उन्हाळ्यात अमेरिकेत, अर्विंगमधल्या एका हॉस्पिटलात माझी आठ वर्षांची नात यशू माझ्या शेजारी पुतळ्यासारखी बसली होती, तेव्हा वाटलं, देव असता तर बरं झालं असतं. निदान त्याला चार शब्द सुनावले असते. मनात त्रिशरण म्हणायला लागले आणि अर्ध्यावर थांबले. इतकी वर्षं शरण जातेय, आता कुणीतरी उठून यावं की, असं रागानं वाटलं. विहारातल्या बायांनी हा अनुभव लिहून द्या म्हटलं म्हणून लिहिते. हा चमत्कार होता असं मी म्हणणार नाही. झालं ते सांगते.

यशूला सिकलसेल आहे. नागपूरकडच्या आपल्या लोकांना हे नाव नवं नाही. रक्तातल्या पेशी वाकड्या होऊन नसांमध्ये अडकतात आणि हाडं कुणीतरी आतून पिळावीत तशी दुखतात. माझा धाकटा भाऊ यातच गेला. तो दवाखान्यात ओरडला की "नाटकं करतो" म्हणून बाहेर काढायचे. दात आवळून बसला की निदान बाकड्यावर बसू द्यायचे. तेव्हापासून आमच्या घरात दुखण्याला रडायचं नाही असा नियमच झाला. यशूलाही मी तोच लावला. त्याची मला लाज वाटत नाही. आमच्या वेळी तेच कामाला यायचं.

त्या रविवारी एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला यशू स्विमिंग पूलमध्ये खेळली. या पोरांना थंड पाणी बाधतं. घरी आली ती छाती आणि पाठ धरूनच. सून कामासाठी दूर बेलव्ह्यू शहरात गेलेली. मुलानं गाडी काढली. आम्ही जर्सी सिटीहून नुकतेच अर्विंगला राहायला आलो होतो, त्यामुळे या हॉस्पिटलात तिला कुणी ओळखत नव्हतं. काउंटरवरच्या बाईनं मुलाचं ऐकून घेतलं, गप्प बसलेल्या यशूकडे पाहिलं आणि विचारलं, "इंडियन लोकांनापण हा आजार असतो?" मग आम्हाला बसायला सांगितलं. आमच्या मागून आलेला एक पोरगा कोपर खरचटलं म्हणून गळा काढून रडत होता. त्याला लगेच आत नेलं.

मी उठले आणि काउंटरसमोर जाऊन उभी राहिले. इंग्रजी मला येत नाही, पण आजाराचं नाव येतं. तेवढंच म्हणत राहिले, "सिकलसेल, सिकलसेल."

"आई, बस ना. इथं सिस्टिम असते," मुलगा हळूच म्हणाला.

"तुझी सिस्टिम तिचा श्वास बघणार आहे का? उभं राहायला व्हिसा लागत नाही."

"आजी, प्लीज," यशू पुटपुटली. "पीपल आर लुकिंग."

"बघू दे. त्यासाठीच उभी आहे."

तेवढ्यात एक नर्स थांबली. माझ्याहून काळी, माझ्याहून दणकट, केस पिकलेले. नाव रूबी. तिचा वॉर्ड वरच्या मजल्यावर, रक्ताच्या आजाराच्या मुलांचा. खाली ती कसलंसं सामान मागायला आली होती. माझ्या तोंडचा तो एक शब्द तिनं ऐकला आणि सामान राहिलं बाजूला. यशूसमोर गुडघ्यांवर बसून तिनं खिशातून एक कार्ड काढलं. त्यावर हसऱ्या चेहऱ्यापासून रडक्या चेहऱ्यापर्यंत ओळीनं चित्रं होती. किती दुखतंय ते पोरांनी बोट ठेवून दाखवायचं. यशूनं हसऱ्याच्या शेजारच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"आय अ‍ॅम ओके," ती म्हणाली.

रूबीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि थोडा वेळ नुसती बघत राहिली. मुलाला म्हणाली, "ही श्वास अर्धाच घेतेय." मग यशूला विचारलं, "असं गप्प बसायला कुणी शिकवलं, बेबी?"

यशूनं डोळ्यांनी मला दाखवलं. आता ही मला बोलणार, म्हणून मी हनुवटी वर करून तयार राहिले. पण ती वेगळंच बोलली. मुलानं ते मला मराठीत सांगितलं. "ती म्हणते, तिच्या भावालाही हाच आजार होता, आणि तिच्या आईनंही त्याला हेच शिकवलं होतं. म्हणते, यशू माझं ऐकणार नाही, आजीचं ऐकेल. तुम्हीच सांगा तिला."

सगळा जन्म जे घट्ट आवळून धरलं होतं, ते ही परकी बाई सोडायला सांगत होती. मी यशूचा हात धरला.

"यशू, रड."

"बट आजी, यू सेड..."

"मीच म्हटलं होतं. आता मीच सांगते. मोठ्यानं रड. त्या काउंटरवाल्या बाईला ऐकू गेलं पाहिजे."

आणि पोर रडली. असं रडणं मी पूर्वी एकदाच ऐकलं होतं, भावाचं. यशूचं बोट कार्डाच्या शेवटच्या चेहऱ्यावर गेलं. रूबीनं स्वतः चाकांची खुर्ची ढकलत तिला आत नेलं. दुखण्याचं औषध नसेतून दिलं, सलाईन लावलं, गरम केलेलं पांघरूण आणून गुंडाळलं. छातीच्या एक्स-रेत फुप्फुसावर सावली धरायला लागलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, तुम्ही आणखी बसून राहिला असतात तर अवघड होतं. नंतर वरच्या वॉर्डात रूबीनं तिला एक नळी दिली, श्वास आत ओढला की तिच्यातला चेंडू वर चढतो. यशूनं तो चेंडू वरपर्यंत नेला तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. का, ते सांगायची गरज नाही.

रूबी त्याच वेळी खाली का आली, हे मी कुणाला विचारलं नाही. शरण जायचं म्हणजे सोसायचं, असं मी धरून चालले होते. त्या दिवशी लेकरानं तोंड उघडलं आणि त्याचं दुखणं एका अनोळखी बाईनं आपल्या हातात घेतलं. मला तेवढं पुरलं. रूबीचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही.

तुमच्या घरात असं लेकरू असेल तर त्याला ओरडू द्या. कुणाला त्याचा त्रास झाला, तर त्याला माझ्याकडे पाठवा.