गोठ्यात मशीन आली तेव्हा
गरम पाण्यात धुतलेल्या रबराचा वास आला की मला रेणापूरजवळच्या आमच्या गोठ्यातली ती सकाळ आठवते. दुष्काळ होता, पाणी टँकरचं, त्यात धारा काढणाऱ्या आईचा हात मोडला, म्हणून वडिलांनी गायी विकायला व्यापारी बोलावला होता. मी हट्टानं दूध काढायची मशीन आणली. मोटार सुरू होताच पहिलीच गाय बिथरली. “हे जमायचं न्हाई गं बाई,” वडील म्हणाले. मग आई धडक्या हातानं तिची मान खाजवत तिच्याशी बोलत राहिली आणि मी सडांना मशीनचे रबरी कप लावले. गायीनं पान्हा सोडला, नळीतून दूध धावलं. वडील दारातल्या व्यापाऱ्याला म्हणाले, “गायी इकायच्या न्हाईत. माझ्या पोरीनं मशीन बसवली हाय.” आज गोठा मीच सांभाळते, आणि वडील आल्या पाहुण्याला चहाच्या आधी मशीन दाखवायला नेतात.