विश्रामच्या उशाची भिंत

विश्राम गेला हे मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही चहाच्या टपरीवर. त्याच्या घरून निरोप कसा येणार? सहा वर्षं आमचं बोलणंच बंद होतं…

मी चौथी शिकलेला गवंडी. माझ्या हाताची एक भिंत आजवर फाटली नाही, हे आधी सांगतो. धुळ्याबाहेरचं आमच्या पंथाचं प्रार्थनामंदिर आम्ही दोघांनी जवानीत उभं केलं. कळस नाही, मूर्ती नाही. नुसतं काँक्रीट, आणि गिलावा लावायचा नाही असा इंजिनिअरचा हुकूम. विश्राम पिंपळनेरचा सुतार. तो फळ्या ठोकायचा, मी त्यात माल ओतायचो. फळी निघाली की लाकडाच्या रेषा भिंतीवर जशाच्या तशा. पण उगवतीच्या भिंतीत हातभर खडी उघडी पडली. इंजिनिअर खवळला. मी म्हणालो, "फळीत फट होती, सिमेंटचं पाणी वाहून गेलं." विश्रामनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हां साहेब, फट राहिली." त्या इंजिनिअरची पुढची कामं त्याला मिळाली नाहीत. गिलावा नाही, म्हणून ती जागा तशीच राहिली, सगळ्यांना दिसत.

पुढे पंथ ओसरला, मंदिर रिकामं पडलं. ट्रस्टनं तिथं म्हाताऱ्या भक्तांसाठी खोल्या काढायचं ठरवलं, काम विश्रामला दिलं. मी भर सभेत उठलो. "जिथं हात जोडले तिथं मोरी काढतोस?"

"नाना, देवले घर लागत नाही. म्हाताऱ्याले लागतं."

"मग तूच राहा मोरीजवळ!"

तो खरंच राहायला गेला. सहा वर्षं मी ती पायरी चढलो नाही.

तेराव्यानंतर त्याच्या खोलीवर गेलो. खोलीला गिलावा, वर पांढरा चुना. फक्त खाटेच्या उशाशी हातभर भिंत उघडी. तीच खडी. त्याची बायको, अक्का, म्हणाली, "बठ्ठी खोली, चारी भिंती, त्यांनी हातानं गिलावली. एवढंच सोडलं. मी म्हणे, पाहुणे हसतात. तर म्हणत, हाई नानाचं काम शे, तो येईल नि भरेल."

"का सोडलं, ते सांगितलं?"

"नाही. 'माझी फळी चुकली', एवढंच म्हणत."

खरं त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नाही…

मी म्हणालो, "अक्का, फळी बरोबर होती. मी सळईनं माल कोंचून बसवला नाही, म्हणून खडी उघडी पडली. जेवणाची सुट्टी झाली होती, घाई केली."

खाटेखालून त्याची गिलाव्याची थापी काढून तिनं माझ्यापुढे ठेवली. मी ती परत सरकवली. ती जागा मी भरणार नाही.

आता दर गुरुवारी जातो, खाटेवर बसतो, भिंतीवर हात फिरवतो. खडीच्या कडेनं त्याच्या फळीची रेषा गेली आहे. बोट लावून पाहतो… सरळ आहे. कुठंही फट नाही.