दगडांना राज्य सांगायला

मी सरपंच झाले तेव्हाचा गुलाल केसांतून पुरता निघाला नव्हता, तोच गावचा म्हातारा भुमक दारात येऊन बसला. भुमक म्हणजे गोंडांच्या देवांचं करणारा.

"बाई, दगडायले राज सांगाचा आहे. तुमी चाला."

गावाबाहेर मोहाखाली मेलेल्यांच्या नावानं उभे केलेले दगड आहेत. राज्य बदललं की भुमकानं तिथं जाऊन सांगायचं, ही रीत. गोंड राजे जाऊन भोसले आले, ते सांगितलं. पुढं इंग्रज आले, तेही सांगितलं. इंग्रज गेले तेव्हा मात्र या म्हाताऱ्याच्या बापानं सांगितलंच नाही. नवा राजा कोण ते त्याला कोणी सांगेना, आणि बिनराजाचं राज्य दगडांना सांगणार कसं?

"मंग काय बिघडलं?" मी विचारलं.

"माहा आजा साहेबाचा तंबू वाहता वाहता मेला, वेठीत. त्याले सुट्टी कोनं देल्ली? तो मेल्यावर बी वाहूनच राह्यला. बाप मेला, तो बी लागला. आता माहा नंबर आहे, बाई."

आमचं घर बौद्ध, भूतखेत मानत नाही, आणि मी तोंडाची फटकळ. दोन शब्द सुनवणारच होते. पण तो दारातून उठेना. मला दया आली, गेले.

भर दुपार. वारा नव्हता. दगडांपाशी पोचलो आणि वाळल्या पाल्यावर पावलं वाजू लागली, ओझ्याखालची, जड. माणूस दिसेना, नुसती धाप ऐकू येई. वानर म्हणावं तर वानराला असा दम लागत नाही. भीती वाटली, खोटं कशाला सांगू.

"सांगा," तो कुजबुजला.

मी स्वातंत्र्य, संविधान, मतदान, सगळं म्हणून गेले. पावलं चालतच होती.

"असं नाई समजत त्यायले. राज कोनाचा, तेवढं सांगा."

"लोकांचं."

"लोकं दिसाले पायजे, बाई."

शेवटी मी चिडले. "माझं. इथं आता माझं चालतं."

पावलं थांबली. मग हळूहळू वळून माझ्याकडे आली. अगदी समोर पाला दबला.

"ते विचारून राह्यले, तुमचा तंबू कुठी न्याचा," म्हातारा हात जोडून म्हणाला, आणि त्यानंही खांदा पुढे केला.