बावखलाला फुंकर

जगात कोणालाही श्वास फुकट सोडू न देणारा माणूस एकच, आणि ते नेमके माझे मामेसासरे निघाले. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले हे मामा वसईतल्या आपल्या वाडीत कोणी नुसता उसासा टाकला तरी "अरे, नळीत टाक, नळीत!" म्हणत धावत येतात. त्यांच्याकडेच वाढलेली त्यांची भाची बघायला मी गेलो तेव्हा सरबताआधी चुन्याच्या निवळीचा पेला समोर आला, त्यात पपईच्या देठाची पोकळ नळी. "फुंका, जावईबापू." नळी दिसली की ओढायची, एवढंच माझं शिक्षण. मी ओढली. पोळलेल्या तोंडातून नकार बाहेर पडेना, म्हणूनच बहुधा लग्न ठरलं.

फुंकलं की निवळी दुधासारखी होते आणि तळाशी पांढरा साका बसतो. आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा तो खडू. चर्चमधल्या मिस्साहून, म्हणजे प्रार्थनेहून, परतणाऱ्या शेजाऱ्यांना फाटकात अडवून, फुंकायला लावून मामांनी खरोखर एक खडू वळला आणि त्याने दारावर 'गावाचा श्वास' असं लिहिलं. आठ दिवसांनी स्वतःच पुसलं. म्हणाले, "चुनखडी भाजून चुना करताना भट्टीतून जो वायू सुटला, तेवढाच मी परत धरला. लोक दुसऱ्याला लावतात, मी स्वतःलाच चुना लावला रे!" आणि इतके हसले, की तो सगळा श्वास वाया गेला.

मग शेवाळ. तेही हाच वायू खाऊन वाढतं. घरामागच्या बावखलातलं, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्यातलं, हिरवं पाणी मामांनी तीन बरण्यांत भरलं. रोज त्यात फुंकायचे, दाट झालं की गाळून केळीच्या बुंध्याशी घालायचे. केळी तरारल्या. "शेवाळाने की शेणाने?" मी विचारलं. "तेच तर बघायचंय!" पुढे बावखलावर भराव पडला, इमारत उभी राहिली. त्या तळ्यातलं जिवंत असं काही उरलं ते या तीन बरण्यांत.

नाताळाआधी मोतीबिंदू काढायला मामा मुलीकडे गेले आणि बरण्या माझ्यावर सोपवल्या. "रोज दहा-दहा फुंकरी. विसरू नको." चौथ्या दिवशी माझ्या आळसाला शास्त्र सुचलं. बायकोने मामांच्याच घरी नाताळच्या वाईनसाठी द्राक्षं आंबत घातली होती, आणि आंबतानाही हाच वायू सुटतो हे मामांनीच सांगितलेलं. मग फुंकायचं कशाला? वाईनच्या बरणीतून तीन नळ्या काढून शेवाळात सोडल्या आणि ऐटीत चहा प्यायला बसलो. द्राक्षं फसफसून नळ्यांतून उतरली. दोन दिवसांत तिन्ही बरण्या तपकिरी.

"मामांना काय सांगू गं?"

"सांगा, बावखल दारू पिऊन मेलं," बायको म्हणाली आणि तोंड फिरवून डोळे पुसले. त्याच बावखलात ती पोहायला शिकली होती.

मामा काळा चष्मा लावून आले. बरणी हुंगली. "कल्पना बरोबर होती रे. मध्ये एक रिकामी बाटली ठेवायची, फेस तिच्यात अडकतो." बस, इतकंच. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मग केळीच्या बुंध्याशी वाकून त्यांनी ओल्या मातीवरचा हिरवट थर चमच्याने खरवडला, स्वच्छ पाण्यात सोडला आणि नळी तोंडात धरली. तिसऱ्या फुंकरीला खोकला आला. नळी माझ्या हातात देत म्हणाले, "ओढायची नाही, जावईबापू."

आता रोज सकाळी मी फुंकायला जातो. पाणी हिरवं झालंय. ते बावखलातलंच शेवाळ की केळीखालचं दुसरंच कुठलं, कोण जाणे. मामांकडे सूक्ष्मदर्शक आहे, नवा डोळाही आहे. पण जन्मभर सगळं तपासून बघणारा हा माणूस त्या बरणीतला एक थेंब काही भिंगाखाली घालत नाही. मीही विचारत नाही. फुंकतो.