पीकपाणी समाधानकारक

सप्टेंबरची अठ्ठावीस तारीख होती. सकाळी मी ओट्यावर ताडपत्री पसरून तिची भोकं बुजवत बसले होते. वर्षभर माळ्यावर पडून राहिलेल्या त्या ताडपत्रीची उंदरांनी चाळण केली होती. हातात कात्री आणि चिकटपट्टी, समोर शेतात तीन एकर सोयाबीन सोंगून आडवं पडलेलं आणि मळणीयंत्रवाल्यानं दुसऱ्या दिवशीची वेळ दिलेली. त्या दिवसाची हकीकत सांगायची तर आधी आमच्या तात्यांबद्दल सांगावं लागेल. पावसावर इतका जीव लावलेला आणि पावसानं ज्याची इतकी फजिती केली असा दुसरा माणूस गोदावरीपासून भीमेपर्यंत शोधून सापडायचा नाही.

तात्या म्हणजे माझे चुलत सासरे. त्यांचा मळा आमच्या वस्तीला लागून, मध्ये फक्त एक बांध आणि एक लिंबाचं झाड. सरकारी नोकरीत त्यांनी जन्मभर एकच काम केलं, दर आठवड्याला तालुक्याच्या पीकपाण्याचा अहवाल तयार करायचा. कुठे किती पाऊस झाला, बाजरी निसवून कणीस बाहेर पडलं का, तुरीला कळी धरली का, कपाशीचं बोंड फुटलं का. तात्या निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली, अहवाल मात्र निवृत्त झाला नाही. आता तो दर सोमवारी सकाळी त्यांच्याच आवाजात वस्तीच्या मोबाईल ग्रुपवर यायचा. तो ऐकल्याशिवाय कुणी शेतावर जायचं नाही, कारण त्यात प्रत्येकाचं रान असायचं आणि तात्या कुणाची गय करत नसत. "उत्तरेकडील कपाशीत गवत जोमदार वाढीच्या अवस्थेत आहे. तुरीवर अळी आढळली, मालक आढळले नाहीत." एकदा माझ्याबद्दल आलं, "कांद्याचे रोप समाधानकारक. मालकिणीचा स्वभाव कडक, त्यामुळे मजूर वेळेवर." मी ते कौतुक म्हणून घेतलं.

'समाधानकारक' आणि 'निरंक' या दोन शब्दांवर त्यांचा संसार चालतो. आजाऱ्याला भेटायला गेले की आधी विचारणार, "काय, प्रकृती समाधानकारक?" घरातली साखर संपली की काकू काही बोलायच्या आत हेच डबा हलवून सांगणार, "निरंक." जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा पुढच्याच सोमवारी अहवालात 'अहिल्यानगर' आलं. बोलताना मात्र ते अजून 'नगरला जाऊन येतो' असंच म्हणतात. कोणत्या नक्षत्राचं वाहन हत्ती आहे की बेडूक, असं कुणी बोलायला लागलं की त्यांचं डोकं फिरतं. "वाहन राहू द्या. मिलिमीटर किती ते सांगा."

मिलिमीटर मोजायला त्यांनी पदरच्या पैशानं पर्जन्यमापक आणून बांधाजवळ सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवलाय. रोज सकाळी आठच्या ठोक्याला तात्या त्यातलं पाणी मोजायच्या काचेच्या नळीत ओततात, गुडघ्यावर बसून डोळा पाण्याच्या रेषेला आणतात आणि वहीत आकडा लिहितात. ते झाल्याशिवाय चहा नाही. उन्हाळ्यातही नाही. एप्रिलात कोरडी ठक्क नळी डोळ्यासमोर धरून हा माणूस पूर्ण गांभीर्यानं 'निरंक' लिहितो. पोरीच्या लग्नात भटजी खोळंबले होते आणि नवरीचा बाप बांधावर होता. एका वर्षी मोजणीत त्रेसष्ट आले. पासष्टला अतिवृष्टी धरून भरपाई देतात, म्हणून चारपाच जण त्यांच्याकडे दोन मिलिमीटर मागायला आले. तात्यांच्या वहीला सरकारदरबारी काडीची किंमत नाही हे त्या मंडळींनाही ठाऊक होतं. तरी तात्या ताठ. "दोन मिलिमीटर मी कुठून आणू? तुमी रडा त्यात, भरलं तर लिहितो."

छत्री बारा महिने त्यांच्या काखेत असते. ती उघडलेली मी कधी पाहिली नव्हती. सोयाबीन पिकायला आलं की हे सगळ्यांच्या रानातून फिरणार, शेंगांची फांदी कानाजवळ हलवणार आणि निकाल देणार, "अजून मुकं हाय," किंवा "बोलायला लागलं, सोंगा." मग एक दाणा दाढेखाली फोडून ओल सांगणार. व्यापाऱ्याच्या यंत्राचा आणि तात्यांच्या दाढेचा आकडा सहसा जुळतो. दाढ एकच उरलीय, म्हणून ती जपतात. दाणे सोडून दुसऱ्या कशालाही ती लावत नाहीत.

असा हा माणूस त्याच्या आदल्याच महिन्यात तोंडावर आपटला. ऑगस्ट कोरडा चालला होता. एका सोमवारी सकाळी ग्रुपवर तात्यांचा आवाज आला, आनंदानं कापत असलेला, "वस्तीवर रात्री अठरा मिलिमीटर पाऊस! पिकांना जीवदान! विहिरीच्या मोटारी बंद ठेवाव्यात!" लोक अंगणात येऊन बघतात तर पायाखाली फुफाटा. मी बांधावर गेले आणि दोन मिनिटांत उलगडा झाला. माझ्या कांद्याच्या रोपावरचा तुषार सिंचनाचा संच रात्रभर चालू होता, वारं फिरलं होतं आणि माझ्याच विहिरीचं पाणी तात्यांच्या मापात पडलं होतं. मला मनात ठेवायची सवय नाही. तिथंच उभी राहून मी ग्रुपवर लिहिलं, "तो पाऊस आमच्या तुषारचा होता." खरं तेच लिहिलं. पण पुढे महिनाभर तात्या दिसले की कुणीतरी विचारायचंच, "तात्या, आज कुणाची मोटार पडणार?" तात्या हसायचे. पुढच्या सोमवारी अहवाल आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. हे खरं बांधावर जाऊन त्यांच्या एकट्याच्या कानात सांगता आलं असतं, हे मला दुसऱ्या रिकाम्या सोमवारी सुचलं.

तर त्या अठ्ठावीस तारखेला साडेनऊच्या सुमारास तात्या बांध ओलांडून आले आणि ओट्याखाली उभे राहिले. बराच वेळ ताडपत्रीकडे बघत राहिले.

"सूनबाई, सोयाबीन गोळा कर. चार वाजता पाऊस हाय."

मी वर बघितलं. आभाळ धुतल्यासारखं निळं. "तात्या, मोबाईल चार दिवस कोरडं दाखवतोय."

"मोबाईल बाजेवर झोपतो का?"

तात्या अंबाडीच्या सुतळीच्या बाजेवर झोपतात. हवेत ओल वाढली की सुतळी आखडते आणि बाज ताठ होते. "काल रात्री कंबर खाली जात हुती," ते म्हणाले, "आज पहाटं फळीवर निजल्यावानी झालं. चल, बघ." मी गेले. काकू दारात कपाळाला हात लावून उभ्या होत्या. मी बाजेवर टिचकी मारली, तर ती हलगीसारखी वाजली. पण म्हाताऱ्या माणसाच्या पाठीवर विसंबून मी तीन एकराचा निर्णय घेणार नव्हते. तशीच रानात गेले आणि सोंगलेल्या सोयाबीनची मूठभर शेंग चुरगाळली. काल हीच शेंग नुसत्या स्पर्शानं कटकन फुटत होती. आज चामड्यासारखी वाकली. कानाशी नेऊन हलवली, तर आवाज नाही. कालची बोलती शेंग मुकी झाली होती.

आता खरी अडचण. नवरा घोडेगावच्या बाजारात गाय बघायला गेलेला. मजुरांच्या टोळीच्या आठ बाया माझ्याच खालच्या रानात कपाशीची पहिली वेचणी करत होत्या, आणि फुटलेली कपाशी झाडावर सोडणं म्हणजे पाऊस आला तर तिचा चिखल. दोन्ही कामं होणार नव्हती. सोयाबीन असंच भिजलं तर दाणा काळा पडणार, शेंगेतच मोड येणार, आणि वर्षभराचं घर त्या तीन एकरावर चालायचं. गोळा केलं आणि पाऊस आला नाही, तर कपाशीचा एक दिवस फुकट, उद्या मळणीला रचलेल्या पिकाची गंज पुन्हा विस्कटायची, आणि वस्तीत तात्यांबरोबर माझंही नाव. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "इथं डोकं तापतंय उन्हानं! त्या तात्याचं काय ऐकतीस?" मी फोन ठेवला आणि खालच्या रानात जाऊन हाक मारली.

"शांताबाई, कपाशी सोडा. सोयाबीनची गंज लावायचीय."

शांताबाई म्हणजे टोळीची म्होरकी. कमरेची झोळी न सोडताच तिनं आभाळाकडे बघितलं. "आवो वयनी, कोण म्हनलं पाऊस येनार?"

"तात्या."

आठही जणी खळखळून हसल्या. "मंग आदी तुमचा तुषार बंद करा!"

हसल्या, पण आल्या. आणि मग जे काम झालं ते मी जन्मात विसरणार नाही. दोघी कवेत मावतील एवढे कवळे बांधायच्या, चौघी डोक्यावरून आणायच्या, दोघी रचायच्या. मी मागे पडलेल्या काड्या दाताळ्यानं ओढत होते. जेवण उभ्या उभ्या, भाकरीवर ठेचा घेऊन. तात्या घड्याळ धरून मध्ये उभे, "अकरा पन्नास, पाव काम! एक दहा, अर्धं काम! गती समाधानकारक!" शांताबाई ओरडली, "तात्या, घड्याळ ठिवा खाली न् एक कवळा उचला, लई समादान हुईल!" तर खरंच उचलला. दोन पावलं चालले आणि कवळ्यासकट बसले. त्यांना बाजूला केलं. सव्वातीनला गंज उभी राहिली, बैलगाडीच्या आकाराची नव्हे, चांगली खोलीएवढी. आणि माझी ताडपत्री तिच्या निम्म्यालाच पुरली. मी डोक्याला हात लावायच्या आत तात्या खांद्यावर नवी कोरी निळी ताडपत्री टाकून आले. ती कुठून आणली हे विचारायला वेळ नव्हता. कडेनं दगड ठेवले, दोर आवळले आणि सगळ्याजणी लिंबाखाली बसून चार वाजायची वाट बघू लागलो.

चार वाजले. ऊन लखलखीत.

"तात्या, पावसाची यष्टी लेट हाय का?" शांताबाईनं विचारलं.

सव्वाचार. साडेचार. दक्षिणेच्या डोंगरावर एक ढग आला, थोडा वेळ थांबला आणि विरघळला. पाचला बायांचा टेम्पो आला. जाताना एकीनंही तुषारचं नाव काढलं नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. तात्या पर्जन्यमापकाजवळ काखेत छत्री धरून पाठमोरे उभे होते. मी मनातल्या मनात कपाशीचा हिशेब करत होते आणि चिडले होते, त्यांच्यावर नव्हे, स्वतःवर.

पाच वाजून दहा मिनिटांनी वारं एकदम पडलं. गोठ्यात गाय उठून उभी राहिली. डोंगर दिसेनासा झाला, मग त्याच्या अलीकडचा रस्ता, मग शेजारचा ऊस, आणि मग तो आला! थेंब नाहीत, नुसतं ओतणं! पत्र्यावर असा आवाज की स्वतःची हाक स्वतःला ऐकू येईना. मी पळत गंजीजवळ गेले. ताडपत्रीच्या दोन्ही बाजूंनी पाणी ओघळत होतं आणि खाली हात घातला तर सोयाबीन कोरडं! पूर्ण कोरडं! मी, पन्नाशीला आलेली बाई, चिखलात उड्या मारत होते. कमरेला पिशवीत गुंडाळलेला फोन वाजला. टेम्पोतून शांताबाई किंचाळत होती, "वयनी! तात्याला सांगा, यष्टी आली!"

सांगायला वळले तर तात्या मापापाशीच उभे. नखशिखांत भिजलेले, छत्री मिटलेली.

"अहो तात्या, छत्री उघडा!"

"छत्रीचं थेंब मापात उडत्यात!" ते ओरडले. "आज कुनाला बोलाया जागा ठिवायची न्हाई!"

वीज कडाडली तशी मी दंडाला धरून त्यांना ओढत घरात नेलं. मोठ्या माणसाला हाताला धरून ओढायची आमच्याकडे पद्धत नाही, पण विजेलाही पद्धत नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला काकूंनी बांधावरून हाक मारली. तात्यांना ताप होता, उठवत नव्हतं, आणि मोजल्याशिवाय चहा घेत नव्हते. मी गेले. अंगणात त्यांच्या बाजरीची कणसं पाण्यात पसरलेली होती, भिजून काळवंडलेली. निळी ताडपत्री कालपर्यंत त्या कणसांवर होती. काकू म्हणाल्या, "मी लई भांडले. तर म्हनाले, तिचं तीन एकर हाय, आपलं सहा गुंठे."

मी आधी माझ्या तुषारचा कॉक बंद आहे ना ते बघून आले. मग आठच्या ठोक्याला मापातलं पाणी नळीत ओतलं, एकदा भरली, दुसऱ्यांदा भरली, दर वेळी चिखलात गुडघे टेकून डोळा रेषेला आणला, जसा ते आणतात तसा. बेरीज केली. वही उघडली, तेव्हा मागच्या महिन्याचं पान डोळ्यांखालून गेलं. अठरावर तांबड्या शाईची रेघ आणि पुढे तात्यांच्या नेटक्या अक्षरात, 'रद्द. निरंक. माप वाचणाऱ्याची चूक.' माझ्या तुषारचा त्यात उल्लेखही नव्हता.

"किती?" आतून क्षीण आवाज आला.

"एकाहत्तर."

"खात्री केलीस?"

"कॉक बंद आहे."

आतून हसण्याचा आवाज आला, त्यातच खोकला. "लिही. आन् सूनबाई, बाज ढिली पडायला लागलीय. आज ऊन हाय."

मी आकडा लिहिला. फोन काढून ग्रुपवर माझ्या आवाजात अहवाल दिला, "वस्तीवर एकाहत्तर मिलिमीटर पाऊस, खात्रीचा. सोयाबीन सुरक्षित. कपाशीचे नुकसान. पीकपाणी एकंदरीत समाधानकारक. अहवाल तात्यांचा, वाचन माझे." काकू चहा घेऊन आत गेल्या. बाहेर आभाळ अजून राखाडी होतं. मी मोबाईलवरचं हवामान बघितलं नाही. पाट्या आणल्या, तात्यांची बाजरी भरली आणि बांध ओलांडून माझ्या ओट्यावर पातळ पसरायला लागले.