हत्तीच्या शेवटच्या पानाचा मान

तमाम वाचकांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, महाराष्ट्र राज्य व्हायच्या थोडं आधी, पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या आमच्या गावात दयाळूपणाचं आगमन झालं होतं. पोलादपूरपर्यंत तो एसटीने आला, तिथून माझ्या काकाच्या डोक्यावरच्या ट्रंकेत बसून गावात पोचला, आणि महिन्याभरात गावाच्या दोन वाड्यांनी एकमेकींकडे विस्तव मागणं बंद केलं.

काका मुंबईला पुस्तकं बांधण्याच्या कारखान्यात होता. शिमग्याला येताना त्याने माझ्या पाच वर्षांच्या बहिणीसाठी रंगीत चित्रांचं पुस्तक आणलं. पुस्तक तिचं होतं हे मी इथे मुद्दाम सांगते, कारण पुढे ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

गोष्ट अशी की, हत्तीच्या एका पिल्लाचं हसू हरवतं. जंगलातला एकेक प्राणी आपल्यातलं थोडं हसू काढून त्याच्यासाठी एका बरणीत घालतो, आणि जादू ही की देणाऱ्याचं हसू कमी न होता दुप्पट होतं. लहान मुलांनी दयाळू व्हावं, आनंदात राहावं, म्हणून ही गोष्ट. मोठ्यांनी काय करावं ते पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

आमची शाळा देवळात भरे. आम्ही घरी पानं उलटायच्या आत गुरुजींनी पुस्तक हातात घेतलं, पहिली दोन पानं वाचली आणि त्यांना भरून आलं. असं रत्न एका घरात ठेवणं पाप आहे, असं त्यांनी गावकीच्या बैठकीत सांगितलं. शिमगा नुकताच झाला होता, घरोघर नाचलेल्या पालखीचा ताल अजून सगळ्यांच्या अंगात होता. ठरलं, की पुस्तकही तसंच फिरवायचं. रोज दिवेलागणीला एका घरी एक पान. पुढची पानं कुणी चोरून बघू नयेत म्हणून गुरुजींनी ती सुतळीने बांधली आणि स्वतःही न बघण्याची शपथ घेतली.

मग काय विचारता. दारोदार सडा पडला, बायकांनी हत्तीला ओवाळलं, एका घरात तर अस्वलाच्या पानापुढे नारळ फुटला. मी बहिणीला कडेवर घेऊन रोज ज्या घरी पान असेल त्या घरी जायची. सशाने हसू दिलं, माकडाने दिलं, सापानेसुद्धा दिलं. राहिलं फक्त शेवटचं पान. पिल्लू हसतं की नाही, ते त्याच्यावर.

आणि तिथे गाडी अडली. शेवटच्या पानाचा मान कुणाचा?

"पुस्तक आणलं कोणी? आमच्या वाडीच्या माणसानं," पाटील म्हणाले. ते वरच्या वाडीचे. "शेवटचं पान आमचं."

"पालखी शेवटाला टेकते कुठं? आमच्या सहाणेच्या चौथऱ्यावर," खालच्या वाडीचा म्होरक्या म्हणाला. "मग हत्ती काय तुमच्या गोठ्यात हसणार?"

"हसंल नायतर रडंल, पण वरच्या वाडीत."

निकाल लागेपर्यंत पुस्तक देवाच्या पेटीत कुलूपबंद झालं. खालच्या वाडीचा एकजण महाडला वकिलाकडेही जाऊन आला. वकिलाने सगळं शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला आणि हत्ती कुणाच्या नावावर आहे, असं विचारलं.

इकडे माझ्या बहिणीने जाहीर केलं, की हत्ती हसल्याशिवाय मी हसणार नाय. आम्हाला वाटलं, दोन दिवसांचं खूळ. पण ती पायरीवर गुडघ्यांत हनुवटी घालून बसायला लागली, थेट पुस्तकातल्या पिल्लासारखी.

"हसला असंल गो तो," आई म्हणायची.

"असंल नको. हसला का?"

मी एक झकास शेवट रचून सांगितला. पिल्लू हसतं, नाचतं, लाडू खातं. ती म्हणाली, "हे तुझ्या तोंडचं हाय. पानावरचं सांग."

मुंबईला जाणाऱ्या एका माणसाबरोबर निरोप धाडून काकाला शेवट विचारला. त्याने तोंडीच उत्तर धाडलं, "ढिगानं बांधली रे पुस्तकं, वाचलं एक पण नाय."

तिच्या ताटातला भात तसाच राहायला लागला, तेव्हा आई बैठक चालू असताना देवळाच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. बायका तिथे बोलत नसत. ती म्हणाली, "पोर जेवत नाय. पान वाचा, नायतर तिचं पुस्तक तिला द्या."

गावकी जरा वरमली. मग ठरलं, की देवळात दोन्ही वाड्यांनी एकत्र बसून पान ऐकायचं. वरची वाडी डावीकडे, खालची उजवीकडे, बायकापोरं मागे. आधी भाषणं झाली. पाटलांनी दया ही आपल्या गावाची परंपरा असल्याचं सांगितलं, आणि सांगताना खालच्या वाडीकडे एकदाही पाहिलं नाही. गुरुजींनी आनंद या विषयावर इतका वेळ घेतला की पुढचे दोघे पेंगले. अखेर सुतळी सुटली. गुरुजींनी शेवटचं पान उघडून लोकांकडे करून उंच धरलं.

लगेच खालचा म्होरक्या उठला.

"हत्तीचं तोंड वरच्या वाडीकडं कसं? आणि आमच्याकडं शेपूट?"

खरंच तसं होतं. गुरुजींनी घाईघाईने पुस्तक उलटं धरलं. तोंड खालच्या वाडीकडे आलं, पण हत्तीचे चारी पाय आभाळात गेले, आणि वरच्या वाडीने हा अपशकुन असल्याचं ओरडून सांगितलं. पुस्तक सुलटं झालं, पुन्हा उलटं झालं. सगळे पुरुष उभे. पानावरची अक्षरं वाचायची राहिली बाजूला. मागे बसलेल्या आम्हाला दिसत होत्या फक्त पाठी आणि धोतरं.

माझी बहीण पाठींमधून वाट काढत पुढे गेली आणि तिने पाटलांचं धोतर ओढलं.

"आजा, तो हसला का नाय, तेवढं सांगा."

ओरडणारे सगळे तिच्याकडे वळले. गुरुजी पुस्तक लोकांकडे करून उभे, त्यांना चित्र दिसत नव्हतं. खालच्या म्होरक्याने पाटलांकडे पाहिलं, पाटलांनी त्याच्याकडे. पुस्तक मग तिच्या मांडीवर आलं, ती पोट धरून हसली, घरी येऊन दोनदा भात मागून जेवली, ते सगळं झालंच. पण त्याआधी पाटलांनी पगडी मागे सारून डोकं खाजवलं आणि ते भर देवळात बोलून गेले,

"तोंड कुठं हाय तेवढंच बघितलं गो बाय. हसतंय का नाय, ते बघायचंच राह्यलं."